रिकाम्या चौकोनाची नोंद

सौसर तहसिलीतील एका कास्तकाराने गतवर्षी आपल्या शेतातील पिकांची माहिती संगणकावरील अर्जात भरताना ‘संत्रा’ आणि ‘कापूस’ या दोन नावांपुढील चौकोनांत खूण केली होती, असे समजा. यंदा त्याने कापूस लावलाच नाही. म्हणून तो तोच अर्ज पुन्हा उघडतो, कापसापुढची खूण काढून टाकतो, तुरीपुढे नवी खूण करतो आणि जतन करण्याचे बटण दाबतो. माहिती यशस्वीरीत्या जतन झाल्याचा निर्वाळा पडद्यावर उमटतो. चार दिवसांनी सहज म्हणून अर्ज उघडून पाहावा, तो तूर आलेली आहे, संत्रा जागच्या जागी आहे, आणि जो कापूस त्याने स्वहस्ते काढला होता तोही खुणेसकट जसाच्या तसा उभा आहे. केलेली खूण पोचते आणि काढलेली खूण मात्र पोचत नाही, हा काय प्रकार आहे?

या कोड्याचे उत्तर यंत्राच्या बिघाडात सापडत नाही. ब्राउझरने, जाळ्याने आणि पलीकडच्या सर्व्हरने आपापले काम नियमाबरहुकूम केलेले असते. उणीव असते ती अर्ज रचणाऱ्याने मनाशी धरलेल्या एका गृहीतात. अनेक पर्यायांपैकी हवे तेवढे निवडावेत म्हणून दिलेली चौकोनांची यादी, जिला आपण चेकबॉक्स-यादी म्हणतो, ही साऱ्या अर्जातील सर्वांत सोपी वस्तू वाटते. परंतु ती नीट रचायची तर अर्ज कसा पाठवला जातो, कसा वाचला जातो आणि दप्तरात कसा उतरतो, या तिन्ही गोष्टी क्रमाने समजून घ्याव्या लागतात. त्यासाठी पांढुर्णा–सौसर भागातील पीकनोंदणीचा एक काल्पनिक अर्ज आपण समोर ठेवू. त्यात सहा पिके आहेत: संत्रा, कापूस, सोयाबीन, तूर, मका आणि भुईमूग, आणि दप्तरात त्यांना अनुक्रमे १ ते ६ हे क्रमांक दिलेले आहेत.

खूण नसलेल्या चौकोनाचे काय होते?

संकेतस्थळांवरील पाने ज्या एचटीएमएल भाषेत लिहिली जातात, तिच्या २.० या आवृत्तीचा प्रमाणलेख टिम बर्नर्स-ली आणि डॅन कॉनोली यांच्या नावाने नोव्हेंबर १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. अर्ज पाठवताना कोणती माहिती रवाना करावी याचा दंडक त्यात घालून दिलेला आहे. ज्या चौकोनात खूण नाही त्याचा उल्लेख पाठवायच्या माहितीत येऊ नये, मात्र जी अदृश्य क्षेत्रे मूल्यासह अर्जात ठेवलेली असतील ती अवश्य यावीत, असा त्याचा आशय आहे. डिसेंबर १९९९ मध्ये आलेल्या ४.०१ आवृत्तीनेही खुणेच्या चौकोनाबाबत हाच नियम कायम ठेवला आणि आजचे ब्राउझरही त्याच नियमाने वागतात.

याचा परिणाम प्रत्यक्ष पाहू. आपल्या कास्तकाराने संत्रा आणि तूर यांवर खूण करून अर्ज पाठवला, की ब्राउझर पुढे धाडतो तो मजकूर एवढाच असतो:

पीक=१&पीक=४

कापूस, सोयाबीन, मका आणि भुईमूग यांच्याविषयी एक अक्षरही जात नाही. ‘कापूस नको’ असे त्यात कोठेही लिहिलेले नाही. कापसाचा विषयच निघालेला नाही. हा मजकूर वाचणाऱ्या सर्व्हरला कास्तकाराने खूण काढली, की त्या अर्जात कापसाचा चौकोनच नव्हता, हे या दोन आकड्यांवरून ओळखता येत नाही. जे आले तेवढे नोंदवावे आणि जे आले नाही त्याला हात लावू नये, अशा समजुतीने आज्ञावली लिहिलेली असेल, तर ती तुरीची भर घालते आणि कापूस तसाच राहू देते. आपल्या कोड्याचे मूळ ते हेच.

तीन कामांची विभागणी

मोठे अर्ज ज्या पद्धतीने बांधले जातात तिला मॉडेल-व्ह्यू-कंट्रोलर असे नाव आहे. ट्रिग्वे रीनस्काउग या नॉर्वेजियन संगणकशास्त्रज्ञाने १९७९ मध्ये, कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात पाहुणा अभ्यासक म्हणून असताना, ही मांडणी प्रथम लिहून काढली. संकेतस्थळांचा तेव्हा जन्मही झालेला नव्हता. पुढे २००४ मध्ये आलेल्या रुबी ऑन रेल्स या चौकटीने (फ्रेमवर्कने) आणि २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टने प्रसिद्ध केलेल्या एएसपी डॉट नेट एमव्हीसी या चौकटीने तिला जाळ्यावरील अर्जांच्या बांधणीत सर्वतोमुखी केले.

ही पद्धत समजण्यास तहसील कचेरीचा दाखला पुरेसा आहे. कचेरीच्या आत दप्तरखाना असतो. खरी नोंद तेथे राहते आणि ती कोणत्या नियमांनी बदलावी हेही तेथेच ठरते. खिडकीवर छापील नमुना मिळतो. त्यावर माहिती दिसते आणि भरता येते, पण नमुना स्वतः काही ठरवत नाही. या दोहोंच्या मध्ये कारकून असतो. तो अर्ज घेतो, तपासतो, दप्तराला योग्य तो हुकूम देतो आणि अर्जदाराच्या हाती पोच ठेवतो. दप्तरखाना म्हणजे मॉडेल, नमुना म्हणजे व्ह्यू, आणि कारकून म्हणजे कंट्रोलर. अर्जदाराने थेट दप्तरात शिरू नये आणि नमुन्याने परस्पर निर्णय घेऊ नये, ही शिस्त पाळली म्हणजे उद्या नमुन्याचे रूप पालटले तरी दप्तरास धक्का लागत नाही.

चेकबॉक्स-यादीचे वैशिष्ट्य असे की तिच्यात या तिघांचीही एकाच वेळी परीक्षा होते. यादीतील पिके कोणती हे दप्तर सांगते, चौकोन नमुन्यावर दिसतात, आणि कोणते चौकोन भरले व कोणते रिकामे राहिले याचा अर्थ कारकुनाला लावावा लागतो.

एका ओळीचे तीन अवयव

यादीतील प्रत्येक ओळीत तीन गोष्टी वेगवेगळ्या ठेवाव्या लागतात: पिकाची ओळख, पिकाचे नाव आणि खुणेची अवस्था. ओळख म्हणजे दप्तरातील न बदलणारा क्रमांक; नाव म्हणजे माणसाने वाचायची अक्षरे; आणि अवस्था म्हणजे होय किंवा नाही.

ओळख आणि नाव हे दोन अवयव का वेगळे हवेत, हे पांढुर्ण्याइतके दुसरीकडे क्वचितच स्पष्ट दिसेल. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत छिंदवाडा जिल्ह्याबरोबर हा मराठीभाषी टापू नव्या मध्य प्रदेशात राहिला; ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौसर या तहसिली मिळून वेगळा पांढुर्णा जिल्हा झाला, तरी घरची बोली मराठी आणि कचेरीचा लेखव्यवहार हिंदी, ही येथील स्थिती कायम आहे. कचेरी ज्याला ‘कपास’ लिहिते त्याला एक कास्तकार कापूस म्हणतो, दुसरा कपाशी, तिसरा पऱ्हाटी. अर्जाने जर ही अक्षरेच पुढे पाठवली, तर एकाच पिकाच्या चार नोंदी होण्यास वेळ लागत नाही. म्हणून पडद्यावर नाव कोणत्याही भाषेत दाखवावे, पाठवावा मात्र क्रमांक २. मग नमुना मराठीत छापा की हिंदीत, दप्तरात कापूस एकच राहतो.

या तीन अवयवांच्या ओळी एकत्र करून केवळ अर्जापुरता जो तक्ता तयार करतात त्याला व्ह्यूमॉडेल म्हणतात. कंट्रोलर प्रथम दप्तरातून सर्व पिकांची यादी घेतो, मग या कास्तकाराच्या नावे आधी नोंदलेली पिके घेतो, आणि दोन्ही ताडून पाहून प्रत्येक ओळीपुढे होय किंवा नाही लिहितो. नमुन्याला तो हा सिद्ध तक्ता देतो; नमुना फक्त त्याप्रमाणे चौकोन काढतो.

येथे आणखी एक छोटी परंतु मोलाची गोष्ट करावी: पिकाचे नाव आणि चौकोन लेबल या घटकाने परस्परांशी जोडावेत. असे केले असता नावावर बोट ठेवले तरी खूण होते. बांधावर उभे राहून लहानशा मोबाइलवर अर्ज भरणाऱ्याला तो इवलासा चौकोन नेमका टिपत बसावे लागत नाही, आणि डोळ्यांनी अधू असलेल्यास पडदा वाचून दाखवणारे साधनही कोणता चौकोन कशाचा आहे ते अचूक सांगू शकते.

निरंक कळवण्याची युक्ती

आता मूळ अडचणीकडे वळू. सरकारी कचेऱ्यांत एक जुना रिवाज आहे: माहिती मागवली आणि देण्यासारखे काही नसले, तरी कागद कोरा ठेवून चालत नाही, ‘निरंक’ असे लिहून तो परत पाठवावा लागतो. कोरा कागद म्हणजे राहून गेले, आणि निरंक म्हणजे पाहिले व काही आढळले नाही, हा भेद त्यामुळे टिकतो. रिकाम्या चौकोनालाही असाच निरंक लिहावयास लावणे, हे या समस्येवरचे उत्तर आहे.

१९९५ च्या त्या प्रमाणलेखाने ज्या नियमात रिकामा चौकोन वगळला, त्याच नियमात अदृश्य क्षेत्राला प्रवेश दिला होता. चौकटींच्या रचनाकारांनी त्याचा उपयोग करून घेतला. प्रत्येक चौकोनाच्या जोडीला त्याच नावाचे एक अदृश्य क्षेत्र ठेवायचे आणि त्याचे मूल्य ‘नाही’ असे ठरवायचे. खूण नसेल तर एकटे ‘नाही’ जाते. खूण असेल तर ‘होय’ आणि ‘नाही’ अशी दोन्ही मूल्ये जातात, आणि वाचणाऱ्याने त्यांतील कोणते ग्राह्य धरायचे हे आधीच ठरलेले असते. एएसपी डॉट नेट एमव्हीसीमध्ये चौकोन आधी आणि अदृश्य क्षेत्र नंतर येते, व पहिले मूल्य ग्राह्य धरतात; रेल्समध्ये अदृश्य क्षेत्र आधी आणि चौकोन नंतर येतो, व शेवटचे मूल्य ग्राह्य धरतात. दोन्ही पद्धती आपापल्या जागी सुसंगत आहेत. परंतु एकीचा क्रम दुसरीत नेला, तर भरलेले चौकोनही ‘नाही’ म्हणून नोंदले जातील.

या युक्तीलाही एक फट आहे. मंजूर झालेले पीक कोणी बदलू नये म्हणून अर्ज रचणारा कधी कधी खूण केलेला चौकोन निष्क्रिय करून ठेवतो. निष्क्रिय क्षेत्र ब्राउझर पाठवत नाही. त्याच्या जोडीचे अदृश्य ‘नाही’ सक्रिय राहिले असेल, तर ते मात्र बिनदिक्कत जाते आणि मंजूर पीक दप्तरातून नाहीसे होते. ज्या चौकोनाला कुलूप घालायचे त्याच्या अदृश्य सोबत्यालाही कुलूप घातले पाहिजे.

यादी पाठवण्याच्या दोन रीती

संपूर्ण यादी पाठवण्याच्या मुख्यतः दोन रीती आहेत. पहिलीत सर्व चौकोनांना एकच नाव असते आणि प्रत्येकाचे मूल्य म्हणून पिकाचा क्रमांक असतो. पलीकडे निवडलेल्या क्रमांकांची रांग मिळते, आणि आलेली रांग हीच पूर्ण व अंतिम निवड मानतात. ही रीत सुटसुटीत आहे. मात्र एकही खूण नसेल तर रांगच येत नाही. म्हणून रेल्स अशा यादीच्या आरंभी त्याच नावाचे एक रिकामे अदृश्य क्षेत्र ठेवते, जेणेकरून यादी होती आणि ती निरंक आली, एवढे तरी पलीकडे कळावे.

दुसऱ्या रीतीत प्रत्येक ओळीला अनुक्रम देतात:

पिके[०].क्रमांक=१, पिके[०].निवडले=होय
पिके[१].क्रमांक=२, पिके[१].निवडले=नाही

आलेल्या सुट्या मजकुरातून पुन्हा तक्ता जुळवण्याच्या कामास मॉडेल बाइंडिंग म्हणतात. एएसपी डॉट नेट एमव्हीसीमध्ये हे जुळवणारे यंत्र शून्यापासून मोजू लागते आणि मोजणीत खंड पडला की तेथेच थांबते. शून्य, एक, तीन असा क्रम गेला, तर दोन नसल्यामुळे तिसरी ओळ वाचलीच जात नाही; कोणतीही चूक दाखवली जात नाही, आणि पुढची पिके निमूटपणे गळतात. शिवाय नमुन्यात ओळी काढताना क्रमांक धरून फिरणाऱ्या ‘फॉर’ फेऱ्याऐवजी ‘फॉरइच’ फेरा वापरला, तर क्षेत्रांच्या नावांत अनुक्रम उतरत नाही आणि पलीकडे तक्ता रिकामा येतो. नवशिके प्रोग्रामर ज्या ठिकाणी तासन्‌तास अडतात ते हे स्थळ होय.

ओळीला केवळ होय–नाही पुरेसे असेल तेथे पहिली रीत घ्यावी. त्याच ओळीत क्षेत्रफळ, बहार, लागवडीचे साल असे तपशीलही भरून घ्यायचे असतील तेथे दुसरी घ्यावी.

कारकुनाची तपासणी

अर्ज हाती आला म्हणजे कंट्रोलरने त्यावर विश्वास ठेवून सही करू नये. ब्राउझरातून येणारा मजकूर वाटेत किंवा मुळातच बदलता येतो. नमुन्यावर पीक ६ पर्यंतच असताना कोणी ९० हा क्रमांक धाडला, तर तो नाकारला पाहिजे. म्हणून आलेला प्रत्येक क्रमांक दप्तरातील मान्य यादीशी ताडावा, आणि अर्ज ज्याच्या नावाचा आहे तोच तो पाठवत आहे याचीही शहानिशा करावी.

दुसरी बाब अर्ज परत करण्याची. एखादे आवश्यक क्षेत्र रिकामे राहिले, तर अर्ज चूक दाखवणाऱ्या शेऱ्यासह पुन्हा दाखवावा लागतो. अशा वेळी पिकांची नावे परत आलेली नसतात, कारण पाठवले गेले ते क्रमांक आणि खुणा. कंट्रोलरने नावांची यादी दप्तरातून पुन्हा आणली नाही, तर अर्जदारासमोर नावाविना चौकोन उभे राहतात किंवा पानच कोलमडते. यादी पुन्हा भरावी, आणि अर्जदाराने नुकत्याच केलेल्या खुणा मात्र तशाच राखाव्यात. त्याचे श्रम वाया जाता कामा नयेत.

जुनी निवड, नवी निवड

शेवटचा टप्पा दप्तरातील नोंदीचा. एका कास्तकाराची अनेक पिके आणि एका पिकाचे अनेक कास्तकार, असा हा दुहेरी संबंध असल्यामुळे तो एका वेगळ्या तक्त्यात ठेवतात. त्याच्या प्रत्येक ओळीत एक कास्तकार आणि एक पीक एवढी जोडी असते. नवा अर्ज आला की जुन्या जोड्या सरसकट पुसून नव्या लिहाव्यात, हा मार्ग सोपा वाटतो. परंतु संत्र्याच्या बाबतीत तो घातक ठरतो. कापूस वा सोयाबीन दरवर्षी पेरतात; संत्र्याची बाग वर्षानुवर्षे उभी असते, आणि तिच्या ओळीला लागवडीचे साल, झाडांची संख्या, आंबिया बहार की मृग बहार, असा तपशील चिकटलेला असतो. ओळ पुसून पुन्हा लिहिली की नाव परत येते, तपशील येत नाही.

म्हणून दोन निवडींची तुलना करावी. जुनी निवड संत्रा आणि कापूस, नवी निवड संत्रा आणि तूर. नव्यात आहे व जुन्यात नाही ती तूर घालावी. जुन्यात आहे व नव्यात नाही तो कापूस काढावा. दोन्हींत आहे त्या संत्र्याला स्पर्श करू नये. घालणे आणि काढणे ही दोन्ही कामे एकाच व्यवहारात पुरी व्हावीत. मध्येच वीज गेली किंवा जोडणी तुटली, तर दोन्ही रद्द व्हावीत, अर्धीमुर्धी नोंद राहू नये.

मौन, नकार आणि पडीत

एवढे सारे केल्यावरही चौकोनाची एक मर्यादा उरते: त्याला दोनच अवस्था ठाऊक असतात. गिरदावरीसाठी, म्हणजे पीकपाहणीसाठी, शेतावर जाणारा पटवारी पीक नसलेले शेत कोरे सोडत नाही, पडीत म्हणून नोंदवतो. आपल्या अर्जात सहाही चौकोन रिकामे असतील, तर शेत पडीत आहे, सातवेच पीक आहे, की कास्तकाराने हा भाग वाचलाच नाही, हे कोणतीही आज्ञावली सांगू शकणार नाही. यास्तव यादीच्या वर ‘यंदा पेरा किंवा बाग आहे’ आणि ‘शेत पडीत आहे’ असा एकच निवडण्याचा वेगळा प्रश्न ठेवावा, आणि शेवटी ‘इतर’ला जागा द्यावी.

याच न्यायाने संमतीच्या चौकोनात अर्ज रचणाऱ्याने आधीच खूण करून ठेवू नये. आधीच भरलेल्या चौकोनाने खरी संमती मिळत नाही, असा निर्णय युरोपीय संघाच्या न्यायालयाने १ ऑक्टोबर २०१९ रोजी दिला. आपल्याकडील २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यालाही स्पष्ट, स्वतः केलेल्या कृतीने दिलेली संमतीच अभिप्रेत आहे. खूण ज्याची, हात त्याचाच असला पाहिजे.

थोडक्यात

> • खूण नसलेला चौकोन ब्राउझर पाठवत नाही. त्याचा नकार आपोआप पोचत नाही.
> • प्रत्येक ओळीत ओळख, नाव आणि अवस्था वेगळी ठेवा. पाठवा तो क्रमांक.
> • चौकोनाच्या जोडीला ‘नाही’चे अदृश्य क्षेत्र ठेवा, क्रम चौकटीच्या नियमाप्रमाणे राखा.
> • अनुक्रम शून्यापासून अखंड असावा.
> • आलेले क्रमांक मान्य यादीशी ताडा. अर्ज परत दाखवताना यादी पुन्हा भरा.
> • जुन्या व नव्या निवडीची तुलना करून तेवढाच फरक नोंदवा.

अर्ज रचणाऱ्यांस

पांढुर्णा–सौसरच्या गावांतून शिकून संगणकाच्या क्षेत्रात गेलेले आणि जाऊ पाहणारे तरुण असे अर्ज उद्या स्वतः रचतील. त्यांना एवढीच विनंती आहे की अर्ज लोकांच्या हाती देण्यापूर्वी तो चार वेळा पाठवून पाहावा: एकदा सर्व खुणा करून, एकदा काही काढून, एकदा सर्व काढून, आणि एकदा मुद्दाम चूक ठेवून, आणि प्रत्येक वेळी पडद्यावरील निर्वाळ्यावर न विसंबता दप्तरातील ओळी उघडून वाचाव्यात. नोंदीवरून पुढे खरेदी, नुकसानभरपाई आणि विमा यांचे निर्णय होत असतात, आणि चुकीच्या नोंदीचे ओझे ती नोंद न पाहिलेल्या कास्तकारालाच वाहावे लागते. ज्या अर्जातून ‘होय’ इतक्याच खात्रीने ‘नाही’ही पोचते, तोच अर्ज पुरा झाला असे समजावे.